आक्काचा कागद

परवा कपाट आवरताना आक्काचा कागद पुन्हा हाताला लागला. दोनशे पानी वहीतून काढलेलं एक पान. अक्षर माझंच, निळ्या शाईतलं, शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचो तसं टपोरं. कागद आता पिवळट झालाय आणि तळाशी, शेवटच्या दोन ओळींच्या वर, त्याला एक आडवी घडी आहे. इतक्या वेळा घातलेली की तिथे तो फाटायलाच आलाय. त्या घडीबद्दल शेवटी सांगतो. आधी आक्काबद्दल सांगायला हवं.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९६४ साली, एकोणीस वर्षांची असताना, चिपळूणजवळच्या एका खेड्यात तिला दिली. घाटावरची मुलगी कोकणात गेली. घर मोठं, माणसं पंधरा-सोळा, दोन जावा, सासूबाई कडक. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिचं पोट दुखायला लागलं. जेवण झालं की अर्ध्या-पाऊण तासाने, बेंबीच्या वर चार बोटं, बरगड्या जिथे मिळतात त्याच्या खाली. कधी नुसती कळ, कधी उलटी. महिना महिना काही नसायचं, मग एकदम आठ दिवस सलग.

उपाय सगळे झाले. ओव्याचा अर्क झाला, आमसुलाचं सार झालं, आल्याचा रस, गरम पाण्याची पिशवी, गावच्या वैद्यांची मात्रा, पुढे डॉक्टरांच्या गुलाबी गोळ्या आणि पांढरं औषध. कशाने बरं वाटायचं, कशाने नाही. आणि तपासलं की काही सापडायचं नाही. मंडळी, न सापडणाऱ्या दुखण्याचं आपल्या घरांत काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पहिलं वर्ष लोक विचारपूस करतात, दुसऱ्या वर्षी उपाय सुचवतात, तिसऱ्या वर्षी हसतात. लग्नकार्यात, गणपतीत, पंगती उठवायच्या वेळीच आक्का माजघरात जाऊन पडते असं तिच्या धाकट्या जावेनं एकदा बोलून दाखवलं, आणि तेव्हापासून 'आक्काचं पोट' ही त्या घरातली म्हण होऊन बसली. कुणी काम टाळलं की, "काय, आक्काचं पोट दुखतंय वाटतं?"

ती म्हण आमच्या घरातही आली. आणली मीच. माझा धाकटा मुलगा गणिताच्या परीक्षेच्या दिवशी अंथरुणातून उठेना तेव्हा मी हसत हसत तेच म्हटलं होतं. आक्का तेव्हा माहेरपणाला आलेली. चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, काही बोलली नाही. चहाचं आधण तेवढं खाली उतरवलं.

असो.

२०१३ च्या जानेवारीत तिला लागोपाठ उलट्या झाल्या म्हणून भाचा तिला कराडला माझ्याकडे घेऊन आला. इथल्या एका डॉक्टरांनी दुर्बीण घालून तपासलं. जठराच्या शेवटच्या भागात, अन्न पुढे आतड्यात जातं त्याच्या अलीकडे, एक लहानशी गुळगुळीत गाठ दिसली. मधोमध बेंबीसारखा खळगा. तिचा तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट आला, किरकोळ सूज, कॅन्सर नाही.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितलं ते मला आज शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा मी त्यातलं अर्धंच ऐकलं होतं. ते म्हणाले, "सर, ही गाठ अस्तराच्या खाली आहे. आमचा चिमटा वरच्या अस्तराचाच तुकडा आणतो. त्यामुळे रिपोर्ट चांगला आला तरी आतलं कळलंय असं नाही. बहुतेक ही निरुपद्रवी गोष्ट असेल. स्वादुपिंडाचा एखादा तुकडा जन्मतःच भलत्या जागी असतो, तसं दिसतंय. पण दुसरंही काही असू शकतं. पुण्याला किंवा मुंबईला दुर्बिणीतूनच सोनोग्राफी करतात, ती करून घ्या. नाहीच जमलं तर वर्षभराने निदान पुन्हा दुर्बीण."

मी ऐकलं ते एवढंच, 'बहुतेक निरुपद्रवी'. मे महिन्यात धाकट्याचं लग्न होतं. कार्यालय, आचारी, पत्रिका, आहेर सगळं माझ्या डोक्यावर. रिक्षातून येताना मी आक्काला म्हणालो, "झालं ना समाधान? रिपोर्ट स्वच्छ आहे. आता पोटाचं नाव काढू नकोस."

ती म्हणाली, "बरं."

आणि वाचकहो, तिनं खरोखरच काढलं नाही. पुढची साडेतीन वर्षं माझ्याशी फोनवर बोलताना ती पावसाचं बोलली, आंब्याचं बोलली, नातवंडांचं बोलली. पोटाचं एक अक्षर नाही. मला वाटलं, बघा, मनातली शंका गेली आणि दुखणं गेलं!

२०१६ च्या जुलैत भाच्याचा फोन आला. "मामा, आई चार दिवस पोटात काही ठेवत नाही. पाणीसुद्धा नाही. आणि ती खूप वाळलीये, तुम्ही बघितलं नाहीत म्हणून." कुंभार्ली घाटात त्या दिवशी धुकं आणि पाऊस एवढा की गाडीच्या पुढचं दिसत नव्हतं. मी इकडून हेळवाकपर्यंत सामोरा गेलो होतो. गाडीच्या मागच्या सीटवर आक्का पांघरूण घेऊन पडली होती. मला बघून म्हणाली, "तुला सांगणार नव्हते रे. यानेच ऐकलं नाही."

जठराचं तोंड जवळजवळ बंद झालं होतं. सीटी स्कॅन झालं. भिंत जाड झालेली, गाठ वाढलेली. पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडा, पुन्हा काही निश्चित नाही. शेवटी शस्त्रक्रिया करून जठराचा खालचा मोठा भाग काढला आणि उरलेला भाग लहान आतड्याला जोडला. बारा दिवसांनी रिपोर्ट आला. सर्जन तरुण होते, चाळिशीच्या आतले. मी मराठीचा मास्तर, माझी पदवी मराठी माध्यमातली, इंग्रजी रिपोर्टमधले निम्मे शब्द मला वाचताही येईनात. मी म्हटलं, "डॉक्टर, मला शिकवा." त्यांनी खरंच कोरा कागद घेतला आणि चित्र काढलं.

ते जे म्हणाले ते मला समजलं तसं सांगतो. आईच्या पोटात गर्भ चार-पाच आठवड्यांचा असतो तेव्हा त्याची अन्ननलिका, जठर, आतडी सगळं मिळून एक साधी नळी असते. त्या नळीला दोन कोंब फुटतात, एक मागे, एक पुढे. पुढचा कोंब नळीबरोबर वळत वळत मागे जातो आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास दोन्ही कोंब एक होतात. तेच आपलं स्वादुपिंड. जठराच्या मागे आडवं पडलेलं, वीतभर लांब. अन्न पचवणारा रस तेच करतं आणि इन्शुलिनही तेच करतं. आता, ही वळावळी चालू असताना कधी कधी थोड्या पेशी सुटतात आणि शेजारच्या भिंतीत अडकून राहतात, जठराच्या, नाही तर लहान आतड्याच्या. पुढे ते इंद्रिय मोठं होतं, आणि त्या पेशी तिथेच, भिंतीच्या आत, आपलं काम करत बसतात. मूळ स्वादुपिंडाशी त्यांचा काही संबंध नसतो. रक्त वेगळं, नळ्या वेगळ्या. पण रस मात्र तोच.

"म्हणजे तो रस जठराच्या भिंतीतच झिरपणार?" मी विचारलं.

"कधी कधी. मग सूज येते, दुखतं, क्वचित रक्त जातं, क्वचित वाट अडते. पण बहुतेकांना काहीच होत नाही, सर. अशी माणसं जन्मभर जगतात, त्यांना पत्ताही नसतो. मृत्यूनंतरच्या तपासण्यांत शंभरातल्या एकाहून कमी माणसांत ते सापडलं असंही लिहिलंय आणि दहाहून जास्त माणसांत सापडलं असंही."

पुढे नातवाने संगणकावर शोधून दिलं तेव्हा कळलं, ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. पहिली नोंद १७२७ सालची सांगतात, आतड्याच्या एका पिशवीत सापडलेली. सूक्ष्मदर्शकाखाली बघून खात्री झाली ती १८५९ साली. म्हणजे आपल्याकडे बाजीराव होते तेव्हापासून कुणाला तरी हे ठाऊक आहे, आणि आमच्या घरात मात्र २०१६ साल उजाडावं लागलं.

या भलत्या जागच्या तुकड्यात कॅन्सर होणं मात्र फारच दुर्मिळ. ज्यांची अशी गाठ कापून काढली जाते त्यांच्यातसुद्धा बहुतेक लेख शंभरात एक-दोन असाच आकडा देतात. कॅन्सर तिथलाच, की दुसरीकडून आलेला, हे ठरवायलाही नियम आहेत. १९९४ साली डॉक्टरांच्या एका गटाने तीन अटी मांडल्या. कॅन्सर त्या तुकड्यात किंवा अगदी त्याला लागून असावा. चांगल्या पेशी बिघडत बिघडत कॅन्सरच्या होत गेल्या, ती मधली पायरी दिसावी. आणि उरलेला भाग हा स्वादुपिंडच आहे, हे त्यातल्या ग्रंथी आणि नळ्या यांवरून पटावं. मला हे आवडलं. आम्ही नववीला समास ओळखायला शिकवायचो तेव्हा असंच म्हणायचो, नुसतं नाव लिहू नका, विग्रह करून दाखवा. आक्काच्या रिपोर्टमध्ये तिन्ही अटी पुऱ्या झाल्या होत्या. तिचं मूळ स्वादुपिंड स्कॅनमध्ये अगदी स्वच्छ होतं.

मग मी तो प्रश्न विचारला. "डॉक्टर, २०१३ सालीच काढलं असतं तर?"

ते क्षणभर थांबले. "त्या वेळी त्यात कॅन्सर होता की नव्हता, हे आज कुणीच सांगू शकणार नाही. पण पुन्हा तपासायला सांगितलं होतं ना?"

"हो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. माणूस सज्जन होता.

आक्काला सांगायचं काम माझ्याकडे आलं. कॅन्सर हा शब्द ऐकून ती रडेल, घाबरेल, असं धरून मी गेलो होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जन्मापासून होतं म्हणालास?"

"हो. जन्माच्याही आधीपासून."

"म्हणजे मी ढोंग करत नव्हते तर."

मी तिच्या पायाशी स्टुलावर बसलो होतो. खिडकीबाहेर बघत राहिलो. दुसरं काय करणार?

खरं सांगायचं तर मी हे डॉक्टरांनाही विचारलं होतं, पन्नास वर्षांचं दुखणं सगळं याचंच का? ते म्हणाले होते, "सगळं याचंच, असं मी म्हणणार नाही. काही असेल, काही साधं पित्तही असेल. सिद्ध करता येणार नाही." हे मी आक्काला सांगितलं नाही. आयुष्यभर मुलांचे अर्धे अर्धे गुण ऱ्हस्व-दीर्घासाठी कापले, आणि इथे एक अख्खं वाक्य गाळलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला हे सगळं मराठीत लिहून दे. तुझ्या चांगल्या अक्षरात. चित्रासकट." मी वहीचं पान काढलं. स्वादुपिंड हा शब्द तिनं पहिल्यांदाच वाचला आणि टाके दुखत असताना हसली. "जन्मभर तोंडाला चव नाही, आणि म्हणे स्वादुपिंड!"

तो कागद तिनं उशाखाली ठेवला. कोण भेटायला आलं की बाहेर निघायचा. घरी गेल्यावर तर त्याचं पारायणच सुरू झालं. शेजारणी आल्या, त्यांना वाचून दाखवला. धाकटी जाऊ आता थकलेली, काठी घेऊन पडवीत यायची. तिच्या हातात आक्काने कागद दिला आणि म्हणाली, "चष्मा लाव आणि मोठ्यांदा वाच." जाऊबाईंनी वाचला. मग पदराने डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवसापासून आक्कासाठी मऊ भात आणि कुळथाची पातळ पिठी त्यांच्या घरून यायला लागली. केमोथेरपीचे महिने चालू होते. असे रुग्ण इतके थोडे की त्यांच्यासाठी वेगळी ठरलेली औषधंच नाहीत. स्वादुपिंडाच्या कॅन्सरची वापरतात तीच दिली. जठर उरलं मूठभर, म्हणून दिवसातून सहा वेळा चार-चार घास खायचे, जेवताना पाणी प्यायचं नाही, बी-१२ ची इंजेक्शनं. हे सगळं तिनं न कुरकुरता केलं. दुखलं तर मात्र आता ती सांगायची. थेट. "दुखतंय." आणि सगळे उठायचे.

ऑपरेशनला वर्ष झालं तेव्हा मी तिच्याकडे गेलो होतो. दुपारी पडवीत बसलो होतो. तिनं कागद आणला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "यात एक राहिलंय."

"काय?"

"२०१३ चं लिहिलं नाहीस."

मला वाटलं होतं तिच्या ते लक्षात नाही. दुर्बिणीच्या वेळी तिला झोपेचं औषध दिलं होतं, डॉक्टर माझ्याशी बाहेर बोलले होते. पण फाइलीत कागद होता आणि भाच्याने तो कधीच वाचून दाखवला होता. तिला सगळं ठाऊक होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

"लिही," ती म्हणाली. "तू मास्तर ना? अर्धं उत्तर कसं चालेल?"

मी पेन काढलं आणि तळाशी दोन ओळी लिहिल्या. '२०१३ साली ही गाठ दिसली होती. पुन्हा तपासायला सांगितलं होतं, ते मी केलं नाही आणि आक्कालाही गप्प बसवलं.' खाली सही केली, तारीख घातली. तिनं कागद घेतला, डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि म्हणाली, "आता बरोबर आहे. चहा टाकू?"

मला तेव्हा माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो तोवर ती आत गेली होती. मग चहा आला, भाचसून आली, विषय निघून गेला. ती माफी मागायची राहिलीच.

पुढे दोन वर्षं बरी गेली. २०१९ च्या उन्हाळ्यात पुन्हा दुखायला लागलं. स्कॅनमध्ये यकृतावर डाग दिसले. डिसेंबरात ती गेली, आपल्या घरात, माजघरात. आम्ही सगळे होतो. धाकटी जाऊ शेवटचे दोन दिवस तिच्या उशाशीच बसून होती.

तेराव्यानंतर भाचसुनेनं तिच्या वस्तूंतून हा कागद काढून मला दिला. म्हणाली, "मामा, हा तुमच्याकडेच असू दे." मी उलगडला तर ही घडी. मी विचारलं, ही कशाची? ती म्हणाली, "आई कागद दाखवायच्या ना सगळ्यांना, तेव्हा खालच्या दोन ओळी मागे दुमडून दाखवायच्या. आम्हाला म्हणायच्या, एवढं त्याचं आणि माझं आहे."

आज ते पुन्हा पाहिलं म्हणून हे लिहायला बसलो. त्या दोन ओळी आता इथे उघड्या केल्या. आक्का रागावली असती, पण मला त्या तशाच दुमडून ठेवून जायचं नाहीये.

वाचून कुणी घाबरू नये. पोटात अशी लहानशी गाठ दिसली म्हणजे कॅन्सर नव्हे, बहुतेक वेळा नसतोच. काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पण त्यांनी पुन्हा या म्हटलं, तर जा. आणि घरातलं कुणी माणूस वर्षानुवर्षं एकाच जागी बोट ठेवून दुखतंय म्हणत असेल, तर निदान हसू नका. त्याला गप्प बसवू नका.

कागद पुन्हा कपाटात ठेवला आहे. या वेळी घडी उलगडून.